आजाराचा रकाना

“काही जुनं दुखणं?” विमा एजंट मोतीलालने फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

“माझ्या आईला? तिला कधी साधी सर्दी झालेली पाहिली नाही मी. लिहा, नाही,” कौतिक म्हणाला.

आई, झुंबरबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर आणखी आवळला.

कौतिक जळगावला बँकेत. मुद्दाम रजा टाकून मोतीलालला भुसावळला घेऊन आला होता. त्याचे वडील तोतारामनाना रेल्वेतून निवृत्त झालेले. निवृत्तांसाठी रेल्वेच्या दवाखान्याची योजना निघाली होती. एकदा रक्कम भरली की नवरा-बायकोला जन्मभर औषधपाणी. नाव घालायची मुदत आज पाचला संपत होती. कौतिकला ते नकोच होतं.

“माझे आईबाप चिठ्ठी धरून त्या रांगेत उभे? लोक शेण घालतील माझ्या तोंडात. त्यापेक्षा बाहेरचा विमा बरा. हवा तो डॉक्टर, स्वतंत्र खोली.”

नाना तसे अबोलच. निवृत्त झाल्यापासून एकच खूळ लागलं होतं. सकाळी नळावर बायकांच्या रांगेत उभं राहून स्वतः हंडे भरून घरी आणायचे. “गुडघ्यांना व्यायाम,” म्हणायचे. शेजारणी पदराआड हसायच्या, आणि झुंबरबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“अक्का, एक सांगून ठेवतो,” मोतीलाल म्हणाला. “जुनं दुखणं या विम्यात बसत नाही. लपवलं, तर उद्या छदाम मिळणार नाही.”

“ती काय लपवणार!” कौतिक हसला.

झुंबरबाईने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. सख्ख्या बहिणीपाशीही तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. आता नाही उघडलं, तर विम्याचाही दवाखाना गेला आणि रेल्वेचाही.

“लिखी ले, भाऊ,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “ओझं उचलं का मन्हं अंग बाहेर येस. पाच वरीस व्हयनात.”

बायकांचं ते दुखणं ऐकून मोतीलाल उगाच कागद सारखे करू लागला. कौतिकच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आत्ताच तो केवढ्या ठसक्यात म्हणाला होता, नाही. तो धडपडत उठला.

“नाना, चला. सायकलवर नेतो. रेल्वेचं ऑफिस उघडं असेल अजून.”

नाना उठले. खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून त्यांनी एक घडी घातलेली पावती काढली आणि फॉर्मवर ठेवली. रेल्वेची. मागच्याच महिन्याची. नावं दोन : तोताराम, झुंबरबाई.

झुंबरबाईने पुढे होऊन तो कागद हातात घेतला.

“तुम्हले ठाऊक व्हतं?”

नानांनी मान वर केली नाही.

“इचाराले लाज वाटनी,” ते म्हणाले. “म्हनून हंडा उचलाले लागनू.”