खपली

सुकरी दुपारीच आली. पदर सारून तिनं मानेवरचा तीळ दाखवला. पोतीचा दोरा त्यावर घासायचा आणि रक्त निघायचं.

"सुगंधाबाई, थोडा बिब्बा लावून द्या ना. गावात सगळ्यायचे तीळ तुमीच काढले म्हनतेत."

"आता नाई लावत मी."

"काऊन?"

"तो पाह्य माह्या पोरीचा गाल. असा करून ठेवला मी. अन् तू मान घेऊन आली."

पोरगी, रंभा, ओसरीवर वह्या तपासत होती. चांद्याच्या मुलींच्या शाळेत ती शिकवायची. सुटीत आठ दिवस घरी आली होती. तिच्या डाव्या गालावर चिंचोक्याएवढा तपकिरी डाग होता. बारा वर्षांपूर्वी पाहुणे बघायला यायचे होते, त्याआधी मायनं तिथला तीळ बिब्ब्याच्या तेलानं जाळला होता. सुईच्या टोकानं, तिळापुरताच. खपली धरली तेव्हा माय रोज बजावायची, "हात लावू नको वं. आपसूक पडू दे."

खपली आपसूक पडली नव्हती. रंभानं ती नखानं उकरली होती, आणि हे मायला आजवर सांगितलं नव्हतं.

वहीवर ओढत असलेली लाल रेघ तिनं पुरी केली. "जाऊ द्या मंग," म्हणत सुकरी निघून गेली.

संध्याकाळी मायनं आंबेहळद उगाळली, सायीत कालवली आणि वाटी घेऊन समोर बसली.

"तोंड वर कर."

"माय, बारा वर्षं झाली."

"मंग? तुले घाई हाये काय?"

बोटानं लेप पसरण्याआधी तिनं गाल उजेडाकडे वळवला. डोळे बारीक करून पाहत राहिली.

"मागच्या खेपेपेक्षा फिकं झालं. तुले नाई दिसत. वह्या पाहून पाहून डोये गेले तुहे."

"डाग दिवाळीपर्यंत जाईन?"

"जाईन नाई तं. हेडमास्तरीण होशीन तवा गाल साफ पायजे."

रंभा हसली. लेप तडकेल म्हणून माय रागावली, आणि मग तीही हसली. उद्या सकाळी सांगायचं, असं रंभानं ठरवलं.

सकाळी माय उठलीच नाही.

अंगणात शेवटच्या आंघोळीसाठी बायकांनी तिला हळद लावली. सुकरी तांब्यानं पाणी घालत होती.

"हात चांगला होता बाईचा," एक म्हातारी म्हणाली. "पोरीच्याच गालावर चुकला. मंग बिब्ब्याले शिवली नाई."

रंभा मायच्या कानाशी वाकली. तिचे ओठ हलले.

"काय म्हनते वं?" सुकरीनं विचारलं.

रंभा सरळ बसली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावा तसा आवाज तिनं काढला.

"मायचा हात चुकला नाई. खपलीखाली साफ गुलाबी कातडी आली होती. मी उकरली. पुन्हा धरली, पुन्हा उकरली. पाहुण्यायनं नाई म्हनावं म्हून."

सुकरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

रंभानं मायकडे पाहिलं.

"मले शिकाचं होतं, माय."