वजनाची रिकामी चौकट

इस्पितळात रुग्णाच्या वजनावरून औषधाचं माप काढून देणारं वेबपेज त्यानेच लिहिलं होतं. नर्सने वजनाची चौकट रिकामी सोडली की सर्व्हर एरर देऊन अडून बसायचा, आणि तक्रारी ऐकून साहेबांचं डोकं उठायचं.

"काहीही कर, पण पेज अडता कामा नये," साहेब म्हणाले.

त्याने एक ओळ घातली. वजन आलं नाही, तर साठ किलो धरायचं. तक्रारी थांबल्या, साहेबांनी पाठ थोपटली.

महिन्याभराने तापाने फणफणलेल्या तान्ह्या लेकीला घेऊन बायको त्याच इस्पितळात गेली. दुपारी तिचा फोन आला.



"इथला वजनकाटा बिघडलाय, पण तुझ्या पेजने माप लगेच दिलं. इंजेक्शन दिल्यापासून इतकी गाढ झोपलीय, हलवलं तरी जागी होत नाही."