म्हाताऱ्या मुंग्या

व्याख्यान रंगात आलं होतं. पडद्यावरची मुंगी बैलाएवढी दिसत होती. विद्यापीठाने सर्वसामान्य लोकांसाठी ठेवलेला कार्यक्रम, तरी सभागृह गच्च भरलेलं आणि चिडीचूप.

दुसऱ्या रांगेतल्या म्हातारीचं मात्र पडद्याकडे लक्ष नव्हतं. ती वक्त्याकडे बघत होती. चाळिशीचा, सुकलेल्या चेहऱ्याचा माणूस. उभं न राहता स्टुलावर बसूनच बोलत होता, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याने मुंगीच्या मागोमाग थेट वारुळात शिरावं.

“मुंग्यांची आवड दिसते तुम्हाला,” शेजारचे पेन्शनर कुजबुजले.

“छे हो! साखरेच्या डब्यापुरती ओळख.”

“मग इथे कशा काय?”

“एक गोष्ट विचारायची होती. घरी विचारलं की कुणी सरळ उत्तर देत नाही.”

“आपल्या वयाच्या माणसांना घरात उत्तर देतंय कोण!” पेन्शनरांनी सुस्कारा टाकला. म्हातारी गालातल्या गालात हसली.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुणी औषधाच्या फवाऱ्याबद्दल विचारलं, कुणी मुंग्यांच्या झोपेबद्दल. मग म्हातारीने हात वर केला. वक्ता तिच्याकडे बघून क्षणभर घुटमळला.

“विचारा,” तो म्हणाला.

म्हातारीने माइक दोन्ही हातांनी धरला. “वारुळातल्या म्हाताऱ्या मुंग्या काय करतात? कोपऱ्यात बसून असतात का?”

सभागृहात खसखस पिकली.

“नाही. बऱ्याच जातींत उलटंच असतं. तरुण मुंग्या आत राहून पिल्लांचं बघतात. अन्नासाठी बाहेर जायचं, म्हणजे सगळ्यात जोखमीचं काम, ते म्हाताऱ्यांकडे.”

“त्यांना बळंच पाठवतात?”

“कुणी पाठवत नाही. आपण होऊन जातात.”

“ते का बरं?”

विषय आवडीचा होता. वक्ता पुढे सरसावला. “साधी गोष्ट आहे. जिचं बरंचसं जगून झालंय, तिने जीव धोक्यात घातला तर वारुळाचं नुकसान कमी. तरुण मुंगी गेली तर...”

तो एकदम थांबला. पेल्यातलं पाणी त्याने ओठ ओले करण्यापुरतंच घेतलं.

“पुरं करा की,” म्हातारी म्हणाली.

“तर जास्त,” तो हळूच म्हणाला.

“आणि तरुण मुंग्या काय करतात? ‘तुम्हाला झेपायचं नाही’ म्हणून दार अडवून बसतात?”

आता मात्र हशाचा गडगडाट झाला. पेन्शनरांनी तर टाळ्याच पिटल्या. वक्ता हसला नाही.

“नाही,” तो म्हणाला. “एवढा हट्टीपणा मुंग्यांना जमत नाही.”

“झालं माझं,” म्हणत म्हातारीने माइक परत केला.

कार्यक्रम संपला. लोकांनी वक्त्याभोवती गराडा घातला, फोटो काढले, मग एकेक करून पांगले. म्हातारी जागची हलली नाही. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर ती उठली आणि कठड्याला धरून व्यासपीठावर चढली.

वक्ता लॅपटॉपची तार गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं नाही.

“हे बरं नाही केलंस.”

“घरी तू ऐकून कुठे घेतोस? डॉक्टर हो म्हणालेत. माझी किडनी तुला जुळते. अडून बसलायस तो तू एकटा.”

तो स्टुलावर टेकला. तार हातातून सुटून पुन्हा उलगडत गेली, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“फार दुखेल गं तुला.”

“तुझ्या जन्माच्या वेळीही दुखलं होतं,” म्हातारी म्हणाली. “तेव्हा विचारलं होतंस का मला?”