साखरेची बरणी

“बाबा झोपलेत गं,” तीन दिवस आईचं एकच पालुपद. चाडमधल्या सुदानी निर्वासितांच्या छावणीत लेकरांना लस टोचायला गेलेल्या रूलाला ते पटेना. तिनं लेबनॉनला घरी पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. आई स्वयंपाकघरात कॉफी करत होती, अंगात घाईनं चढवलेला फुलाफुलांचा झगा. “दिवसाढवळ्या झोपतात? घोरणं तरी ऐकव!” “तू तिथली लेकरं सांभाळ. इथं आम्ही मजेत आहोत.” “मग एवढे कप कुणाला?” “शेजारणी आल्यात, गप्पा मारायला.” पण बैठकीच्या खोलीतून चकार शब्द ऐकू येत नव्हता. कॉफी उकळून वर आली, तरी साखरेची बरणी फळीवरच. त्यांच्या गावात बिनसाखरेची कॉफी फक्त दुखवट्याच्या घरी देतात. “आई, साखर राहिली.” “अगं बाई, विसरलेच!” आईनं हसत बरणी उघडली, चमचा भरला, भांड्यावर धरला. पण तो काही केल्या कलंडेना.