चिंगीची वाटी

"परक्या जिवाची लाळ आढळली. वाटी पुन्हा धुवा," असं म्हणत चिंगी मांजरीच्या वाटीनं तिसऱ्यांदा झाकण लावून घेतलं, तेव्हा सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळपासून तिनं ती वाटी साबणानं घासली होती, उकळत्या पाण्यात बुडवली होती, उन्हात वाळवली होती. दर वेळी वाटी निमूट उघडायची आणि दूधभात वाढला की थोड्या वेळात पुन्हा बोंब! चिंगी बिचारी उपाशीपोटी पायात घुटमळत होती.

"शेजारचा तो मेला बोकाच असणार," असं पुटपुटत तिनं वाटी चौथ्यांदा धुतली, भात कालवून ठेवला आणि झाडू घेऊन दारामागे दबा धरून उभी राहिली.

बोका आला नाही. आले सासरे. भिंतीला धरून नाना हळूच जमिनीवर टेकले, चिंगीला कुरवाळत बाजूला सारलं आणि वाटीतला भात तोंडात घातला.

"नाना! अहो, हे काय?"

नाना दचकले, पण घास त्यांनी टाकला नाही. "काय करू, सूनबाई? तू आणलेलं ते साखर मोजणारं ताट भात दिसला की लगेच मिटतं. चिंगीची वाटी निदान दोन घास खाऊ देते, मग ओरडते."