यंदाचे पेढे
फलकावरचा पडदा सरकला आणि उंब्रजच्या चौकात हशा पिकला. जयराज मात्र गर्दीच्या मागंच उभा राहिला.

चित्र त्यानंच काढलं होतं. गणपतीत मंडळापुढं दरवर्षी त्याच्या हातचं व्यंगचित्र लागायचं. ज्याचं तोंड त्यात आलं त्यानं रागवायचं नाही, चौकात सगळ्यांना पेढे वाटायचे, अशी गावाची रीत. सरपंचापासून सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांनी चडफडत का होईना, पेढे वाटले होते.

यंदा विषय विश्वजितभाऊंनी दिला. भाऊ मंडळाचे अध्यक्ष, पक्षातले वजनदार, आणि पोलीस चौकीत त्यांच्या शब्दावर खुर्च्या हलायच्या. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात पोरांनी सरकार उलथवलं, आणि त्यांच्यासाठी इकडं कऱ्हाडच्या घाटावर कॉलेजच्या पोरांनी मेणबत्त्या लावल्या. "सरकार पडलं तिकडं, आन् उड्या ह्यांच्या! चांगली जिरव एकेकाची," भाऊ म्हणाले.

जयराजनं जिरवली. कपाळाला परक्या देशाचा झेंडा बांधलेलं एक पोरगं, हातात मेणबत्ती, आणि मागून आई त्याला चपातीचा घास भरवतेय. खाली ओळ : 'क्रांती तिकडं, जेवण इकडं.'

चेहरा ओळखीचा काढायचा नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं. घाटावरच्या पोरांना चौकीवर बोलावून झालं होतं. दोघांचे नोकरीसाठीचे पोलीस दाखले अडकले होते. पण हाताला सवय वाईट. लहानपणापासून नमुना म्हणून समोर बसायची ती एकच, त्याची पोरगी अंकिता. तिच्याच नाकावर त्याचा हात बसलेला. रंग वाळल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मग घाईघाईनं चष्मा चढवला, मिशी काढली. ह्या शहाण्याला एवढंही कळलं नाही, की बाकीचं झाकलं की नाकच तेवढं दिसतं! सकाळी पोरं फलक उचलून नेताना अंकितानं तो उंबऱ्यात उभं राहून पाहिला.

"अगं बया, ही तर जयराजची अंकिता!" गर्दीतून हरणाबाई ओरडल्या.

हशा विझला. भाऊ वळले.

"काय रं जयराज? पोरगी बी व्हती व्हय घाटावर?"

बँकेतल्या नोकरीसाठी अंकिताचा दाखला त्याच चौकीत, सहीसाठी पडला होता. जयराज लगबगीनं पुढं झाला.

"न्हाई भाऊ, आईशप्पत! चित्र हाय नुसतं. ती तवा घरातच व्हती."

"घरात? तिच्या वर्गातली समदी घाटावर, आन् ही एकटीच घरात? का बरं?"

जयराज फलकावरचा पडदा परत सरकवू लागला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अंकिता पुढं आली. हातात पेढ्यांचा पुडा होता. पहिला पेढा तिनं भाऊंच्या हातावर ठेवला, दुसरा बापाच्या.

"नाक माझंच हाय, भाऊ," ती म्हणाली. "आन् घाटावर मी व्हते. समद्यांच्या म्होरं."

भाऊंनी पेढा तसाच धरला. मग खिशातून मोबाइल काढला आणि ते चौकीच्या दिशेनं चालू लागले.

जयराज जागचा हलला नाही. पोरगी खोटं बोलत होती, आणि एका वाक्यात तिला सोडवता आलं असतं. ते चारचौघांत बोलायची त्याची छाती झाली नाही. त्या संध्याकाळी अंकिता घाटावर निघाली, तेव्हा तिला खोलीत ढकलून बाहेरून कडी त्यानंच घातली होती.