बसल्या जागेवरून

"या दोन्हींत दोरा राहिलाय," सोललेल्या कोळंब्यांच्या पाठीवरून अंगठा फिरवत म्हातारी म्हणाली. "पुन्हा काढ."

सुनेने दोन्ही कोळंब्या परत घेतल्या. थोरला मुलगा टेबलाशी बसून बघत होता. दोन वर्षांनी आज सकाळी तो अर्धा किलो ताजी कोळंबी घेऊन अचानक दारात उभा राहिला होता. धाकटा भाऊ वारल्यापासून या घरात त्याची बायको आणि आई अशा दोघीच राहत होत्या. आई धडधाकट असेल तर राहू दे, नाहीतर आजच सोबत न्यायची, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. आईला हे घर सोडायचं नव्हतं. फोनवर दहादा सांगून झालं होतं.

"आई, मला तुझ्या हातची हवी होती," तो म्हणाला.

"माझ्या हातची खाऊन एवढा घोडा झालास. आता हिला शिकू दे." म्हातारी स्टुलावरून हलली नाही. "पीठ किती घेतलंस गं?"

"दोन चमचे, आई. मीठ, मिरपूड घातली. शेपट्या ठेवल्यात."

"ठेवल्यात म्हणजे उपकार केलेस?"

मुलाला सुनेची कीव आली. बिचारी हलली तरी सांगून हलत होती, आणि तरी बोलणी खातच होती. विषय बदलावा म्हणून त्याने आईपुढे मोबाइल धरला. "हा बघ तुझा नातू."

हात पुसत सूनच आधी डोकावली. "अय्या, पुढचे दोन्ही दात पडले की!"

"बोळकं झालंय नुसतं," म्हातारी हसली. "तुझेही याच वयात पडले होते. चल गं, तेल तापलं. सोड."

कोळंब्या चर्रकन तेलात पडल्या. म्हातारी मान तिरकी करून गप्प बसली. चरचर जरा मंदावली तशी ती ओरडली, "काढ, काढ! रबर करशील त्यांचं."

सुनेने झारा घातला. कोळंब्या अगदी हव्या तशा केशरी झाल्या होत्या.

"बसल्या जागेवरून कसं कळतं गं तुला?"

"चाळीस वर्षं तळतेय, बाबा."

सुनेने ताटली सासूच्या हातात दिली. "लिंबू उजवीकडे ठेवलंय हं, नाहीतर पुन्हा ओरडाल."

मुलगा पोटभर जेवला. निघताना पाया पडला, तेव्हा आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. "वाळलास रे," म्हणाली.

दाराबाहेर त्याने सुनेला हळूच विचारलं, "जाच होत असेल तर सांग. घेऊन जातो तिला."

"नको, भाऊजी. त्या ओरडल्या नाहीत तर मला काही सुचत नाही."

"तोंड खणखणीत आहे अजून. माझी काळजीच मिटली," तो हसला आणि जिना उतरला.

पावलं ऐकू येईनाशी झाली, तशी सून स्वयंपाकघरात परत आली. म्हातारी अजून स्टुलावरच होती. तिने हात पुढे केला. सुनेने तो धरला.

"फार बोलले गं तुला आज," म्हातारी म्हणाली. "आता नीट सांग. दात सोडून बाकी कसा दिसतो माझा नातू?"